पुढे गाडी, मागे घर आणि मधे मी

मी टोचनचा हूक बोलतोय. जरा लांबूनच ऐका. जवळ आलात की नडगी फुटेल, आणि मग म्हणाल आधी सांगितलं नाही.

टोचन म्हणजे एका गाडीने दुसरीला ओढत नेणं. पुढच्या गाडीच्या बंपरखाली, मान वाकडी करून जो काळा लोखंडी आकडा बसलेला असतो, तो मी. मागच्या दांड्याची कडी माझ्या तोंडात देतात, वरून खिट्टी ठोकतात आणि मला विसरून जातात. विसरले की माझी मजा सुरू. डिकी उघडायला आलेला बाप्या, गाडीला वळसा घालून घाईत निघालेली बाई... ठण्! आजवर इतक्या नडग्या फोडल्यात की नुसत्या ओरडण्यावरून माणूस कुठला ते सांगतो. डोंबिवलीचा शिकलेला माणूस आधी 'आई गं' म्हणतो आणि मग कोणी बघितलं तर नाही ना, ते बघतो. ठाण्याचा माणूस नडगीचा फोटो काढतो. आंबिवलीचा मात्र थेट गाडीवाल्याच्या आईपर्यंत पोचतो. मला आंबिवलीचे आवडतात.

माझा जन्मच मारातून झाला. मूळचा मी एका ट्रकचा आस, चाकं धरणारा दांडा. तो ट्रक उलटला, मी मोडलो, माझा तुकडा भट्टीत गेला. तुमच्याकडे बाळ जन्मलं की पाठीवर एक चापट मारतात. मला दोन घणवाल्यांनी आळीपाळीने हाणलं. मधे ते चहा प्यायला बसले की मला परत जाळात घालायचे. शेवटी मान मुरगळली आणि म्हणाले, झाला तयार. तेव्हापासून मला एक कळलंय. जो जास्त मार खातो, त्याच्यावरच लोक जास्त भार टाकतात.

पहिली नोकरी लागली ट्रॅक्टरवर, पाण्याचा टँकर ओढायची. मानपाड्याच्या मागच्या चाळींना नळाचं पाणी यायचं नाही, आम्ही यायचो. टँकर थांबायचा शाळेच्या कुंपणाला लागून, म्हणून माझं थोडं शिक्षण झालं. मास्तर बेरीज शिकवायचे ती पूर्ण आली. वजाबाकी सुरू व्हायची तोवर टँकर रिकामा होऊन आम्ही निघालेलो असायचो. त्यामुळे मला मिळवता येतं, वजा करता येत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच आहे, आणि तुम्ही तर पदव्या घेतल्यात.

त्या रांगेत काय मारामाऱ्या बघितल्या म्हणून सांगू! हंडे पाण्याला कमी आणि डोक्यात घालायला जास्त. एकीच्या हातात दुसरीची वेणी, तिच्या हातात तिसरीची. मी खाली बसून खिदळायचो.

एका दिवशी मात्र खिदळणं तोंडातच राहिलं. भरलेला टँकर घेऊन ट्रॅक्टर टेकाड चढत होता. अर्ध्यावर मागचा भार खाली ओढायला लागला, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत! घोडा बिथरावा तसा तो मागच्या पायांवर उभा राहिला. ड्रायव्हरने उडी मारली. आम्ही सगळे मागे घरंगळलो, एक भिंत पाडली, दुसरीत घुसलो. विटांच्या ढिगाखाली पडल्यापडल्या मला एक गोष्ट उमगली, जी त्या शाळेत शिकवत नव्हते. पुढे असतो तो मालक नसतो. जड असतो तो मालक.

त्यानंतर मी भंगारात गेलो. तिथून मला उचललं कुंडलिक मिस्त्रीने. मानपाड्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्याची वेल्डिंगची शेड आहे. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा त्याहून चांगला. त्याने मला एका छोट्याशा लाल कारच्या ढुंगणाला डकवलं. कार विनीतची. आणि मागे बांधायचं होतं ते घर.

हो, घर. एका जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर पत्रा आणि प्लायवूडच्या भिंती, खिडक्या, कौलांच्या रंगाचं छप्पर. विनीत त्याला कॅरॅव्हॅन म्हणायचा. त्याचे वडील धोंडीबा त्याला घर म्हणायचे आणि दुसरं काही म्हटलं की चिडायचे.

चिडायला कारण होतं. कोकणातल्या त्यांच्या गावी शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. दारात थांबते, ओटी भरली जाते, गाऱ्हाणं होतं, मग पुढच्या घरी. धोंडीबांचं घर त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, रामाचं, मिळून. भावाभावांत भांडण झालं आणि रामाने घराला कुलूप घातलं. भांडण कशावरून, ते दोघांनाही नीट आठवत नाही. एक म्हणतो फणसाच्या झाडावरून, दुसरा म्हणतो आईच्या बाराव्याला पान उशिरा वाढलं त्यावरून. गेल्या शिमग्याला धोंडीबा गावी गेले. पालखी आली, दाराला कुलूप बघून क्षणभर घुटमळली आणि शेजारच्या घरी गेली. आपल्याच अंगणात नारळ हातात धरून म्हातारा उभा राहिला.

डोंबिवलीला परत आल्यावर ते विनीतला म्हणाले, "पुढच्या शिमग्याला मी असेन नसेन. पण असलो तर पालखी माझ्या दारात थांबली पाहिजे. दार कुठून आणायचं ते तू बघ."

विनीतने गावच्या मानकऱ्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दार हवं, उंबरा हवा, आत दिवा हवा आणि घरचं माणूस हवं. अंगण सामाईकच आहे. तिथे घर उभं करा, पालखी थांबेल.

झालं! उंबरा म्हणजे साधी पट्टी धोंडीबांना चालेना. काळ्या दगडाचा उंबरा घडवून आणला. दार मागच्या बाजूला, कारण पालखी तिकडून येणार. दाराच्या आत उजव्या हाताला त्यांच्या आईचं जातं, कारण जुन्या घरात ते तिथेच होतं. जात्याशेजारी पाटा-वरवंटा, पाण्याचा तांब्याचा हंडा, देव्हारा. सगळं मागे. पुढच्या बाजूला काय? एक चटई आणि पंचांग.

विनीतची बायको रसिका एकटीच कपाळाला आठ्या घालून बघत होती. "हे सगळं मिळून वजन किती होतं? आणि आपल्या गाडीला झेपतं किती?"

कुंडलिकने घण उचलला आणि माझ्या टाळक्यात घातला. ठण्ण! "वजनाचं सोडा ताई, हूक बघा. हत्ती बांधा हत्ती! तुटला तर कुंडलिक नाव लावणार नाही."

विनीत खूश. त्यानेही मला एक लाथ मारून बघितली आणि मग अंगठा धरून नाचला. सगळे मलाच ठोकून बघत होते. अहो, मी तुटणार नव्हतोच! तिथेच तर गोची होती. दोन पोरांनी एकमेकांचे हात गच्च धरले आणि त्यातला जाडा विहिरीत पडला, तर बारक्याच्या मुठीचं कौतुक करायचं का?

आणि घर माझ्यावर बसलंही नव्हतं. चांगल्या जोडीत मागच्याने आपलं नाक थोडंसं पुढच्यावर टेकवायचं असतं, मान द्यायचा असतो. या घराचं सगळं वजन मागे, त्यामुळे त्याचं नाक वर. ते मलाच खालून उचलत होतं, आणि माझ्याबरोबर कारची मागची चाकंही.

तेवढ्यात शेडमध्ये रामा हजर. आंबिवलीहून आपली जुनी, धिप्पाड जीप घेऊन आला होता. बातमी कुणी दिली कोण जाणे, पण हसायला आला होता हे उघड होतं.

"काय रे दादा, आइस्क्रीम विकायला निघालास?"

"चालता हो इथनं."

"जातो रे. पण डोळे फुटलेत का तुझे? कोंबडीच्या शेपटीला रेडा बांधतोयस. याला माझी जीप लागेल, जीप! आणि ती तर मी देणार नाही."

बोलला ते खरं होतं. पण वैऱ्याने हसत हसत सांगितलेलं खरं कुणाला पटलंय? धोंडीबांनी हाताला लागला तो पाना फेकला. रामाने तो चुकवला, पुढे होऊन थोरल्या भावाची कॉलर धरली. धोंडीबांनी त्याच्या कानाखाली काढली. रामाने त्यांना पत्र्यावर ढकललं. दोघांच्या वयाची बेरीज केली तर किल्ला बांधून होईल, आणि तरी पोरांसारखे लोळले. कुंडलिक मधे पडला, त्याला दोन्हीकडून बसल्या. शेवटी मागे सरकताना रामाची नडगी माझ्यावर आली. काय बोंबलला! मी म्हटलं ना, मला आंबिवलीचे आवडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी होती. शीळफाट्यापर्यंत जायचं, वळून यायचं.

धोंडीबा म्हणाले, "घर पहिल्यांदा हलतंय. आत दिवा हवा, घरचं माणूस हवं. रिकामं हलवलं तर ते घर नव्हे, हातगाडी. मी आत बसतो."

"अण्णा, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवत नाहीत. धोका असतो," विनीत म्हणाला.

"बरं," धोंडीबा म्हणाले.

इतक्या लवकर 'बरं' म्हणणारा म्हातारा कधी बघितलाय? विनीत आणि रसिका पुढे जाऊन बसले. कुंडलिक खिट्टी ठोकून चहा सांगायला वळला. तेवढ्यात घर किंचित मागे कलंडलं. माझं तोंड आणखी वर उचललं गेलं. हातात पेटती समई घेऊन धोंडीबा आत शिरले होते आणि आईच्या जात्याला टेकून, उंबऱ्याशी बसले होते. मला कळलं. मी कुणाला सांगणार? मला ठण् सोडून काही बोलता येत नाही.

निघालो. सपाट रस्त्यावर सगळं छान. विनीत शीळ घालत होता. मागे थोड्या अंतरावर रामाची जीप होती, करमणूक चुकू नये म्हणून. मग पूल आला. चढताना कार धापा टाकत चढली. उतार लागला आणि घराला आपण मोठे आहोत हे आठवलं.

बाजूने एक ट्रेलर सणकत गेला. त्याच्या वाऱ्याने घराची मागची बाजू डावीकडे झुकली. मग उजवीकडे. मग जरा जास्त डावीकडे. कडी माझ्या जबड्यात करकरायला लागली. कारचं शेपूट घराबरोबर हलायला लागलं.

"विनीत, गाडी का हलतेय?"

"गप गं, होईल सरळ. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतोय."

खरंच पाय काढून, स्टिअरिंग सरळ धरून, हळूहळू वेग उतरू दिला असता तर कदाचित झालंही असतं सरळ. पण रसिकाने मागे वळून बघितलं. घराच्या पुढच्या खिडकीत दोन हात आपटत होते आणि मधे एक पांढरं डोकं.

"अरे, अण्णा! अण्णा आत आहेत!"

विनीतने करकचून ब्रेक दाबला.

मग जे झालं ते मी जबड्याने भोगलंय. पुढचा थांबला, मागचा थांबेना. घराने कारला पाठीत गुद्दा घातला, तिची मागची चाकं उचलून तिला आडवी फिरवली आणि स्वतः तिच्यावर दुमडलं. मला असं पिरगाळलं की भट्टीतला मार आठवला. काच फुटली, पत्रा कापडासारखा टरटर फाटला. कार दुभाजकाला घासत गेली, ठिणग्यांचा फुलबाजा उडाला. घर एका चाकावर उभं राहिलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि धाडकन कुशीवर पडलं. जात्याचा वरचा दगड मागची भिंत फोडून बाहेर आला आणि उतारावरून गडगडत सुटला. एका रिक्षाला त्याने ओव्हरटेक केलं. रिक्षावाल्याने त्याला शिवी दिली आणि मग आपण कुणाला शिवी दिली ते बघून रिक्षा सोडून पळाला.

मी तुटलो नाही. तुटलो असतो तर निदान कार तरी सुटली असती. एवढा चिवट असण्यात काय अर्थ, ते त्या दिवशी कळलं.

विनीतच्या कपाळातून रक्त वाहत होतं, रसिकाचा हात लोंबत होता. दोघं कारच्या फुटक्या काचेतून सरपटत बाहेर आले. पडलेल्या घरातून आवाज नव्हता. प्लायवूडमधून धूर मात्र येत होता. समई!

जीप कचकन थांबली. रामा उतरला तो धावतच. मागचं, आता आडवं झालेलं दार लाथांनी फोडलं आणि आत शिरला. पेटलेली चटई पायांनीच तुडवून विझवली. मग आतून आवाज आला.

"मेलास काय रे?"

मग खोकला. "तुझ्या आधी? वेडा झालास!"

"पाय हलव."

"मोडलाय. उंबरा पडला त्यावर."

"बरं झालं. मोडायलाच हवा होता."

असं म्हणत रामा रडत होता. मला दिसत नव्हतं, पण नाक शिंकरल्याचं ऐकू आलं. त्याने दगड ढकलला, भावाला पाठुंगळी घेतलं आणि बाहेर काढलं. वाटेत धोंडीबांनी त्याचे केस धरले होते. आधारासाठी की रागाने, ते विचारू नका.

दवाखान्यात धोंडीबांच्या मांडीपर्यंत प्लॅस्टर चढलं. शुद्धीत आल्यावर पहिलं वाक्य, "शिमगा आलाय. घर दुरुस्त करा."

"आता गावी एसटीने जा आणि मुकाट माझ्या ओसरीवर बस," रामा म्हणाला.

"कुलूप काढतोस?"

"नाही."

"मग मर."

आता बघा माणसांची अक्कल. कुलूप उघडायला चावी एकदा फिरवावी लागली असती. रामाने ते केलं नाही. त्याऐवजी तो जीप घेऊन कुंडलिकच्या शेडवर गेला आणि म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं खोकं माझ्या जीपला बांध. माझा भाऊ दाराविना मेला असं गावात कुणी बोलायला नको."

कुंडलिकने गॅसकटर पेटवला आणि मला कारच्या प्रेतापासून कापून काढलं. पिरगळलेली मान तापवून, ठोकून पूर्वीसारखी वाकडी केली. वर म्हणतो, "पण बघितलंत ना ताई? हूक तुटला नाही!" रसिकाचा एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या हातातली पाण्याची भरलेली बाटली तिने त्याच्या डोक्यात घातली. इतका गोड आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर सगळं तिने सांगितलं तसं झालं. घर नव्याने सांधलं, ते आधी ट्रकच्या वजनकाट्यावर नेलं, मग जीप नेली. पूर्वीचा सगळा पसारा धरला तर घर त्या लाल कारपेक्षा जड भरत होतं, हे तेव्हा समजलं. जातं आणि पाटा जीपमध्ये गेले. उंबरा वाटेत घराच्या मधोमध, चाकांच्या वर, तळाशी बांधून ठेवला. गावी पोचल्यावर दारात बसवायचा. माझी उंची अशी बदलली की दांडा सपाट राहील. घराला स्वतःचा ब्रेक बसवला. मी निसटलोच तर दांडा रस्त्यात रुतू नये म्हणून साखळ्या लावल्या. निघताना घराने पहिल्यांदा आपलं नाक माझ्यावर टेकवलं. जास्त नाही, कमी नाही. लग्नात नवरी सासूच्या पायावर डोकं टेकते ना, तेवढं.

रामाने बेताने ओढलं. धोंडीबा त्याच्या शेजारी, पाय लांब करून. पनवेलला भांडले, घाटात भांडले, चहाच्या टपरीवर तर एकमेकांचा चहा ओतला. मागे मी आणि घर मात्र एका सुतात.

पालखीच्या दिवशी ढोल वाजायला लागले. अंगणात जीप, तिच्यामागे घर, दारात उंबरा, आत दिवा, दाराबाहेर धोंडीबा खुर्चीवर. तिथेच बाजूला, कुलूप लावलेलं खरं घर. पालखी अंगणात आली आणि मानकरी थबकले.

"हे गाडीला बांधलेलं आहे," थोरला मानकरी म्हणाला. "गाडीला बांधलेली ती गाडी. पालखी गाडीपुढे थांबत नाही. सोडा तरी, नाहीतर आम्ही निघालो."

आणि तिथे माझं महत्त्व! अंगणाला उतार. घर मागे रेलून मला ओढत होतं, खिट्टी गच्च अडकलेली. ती निघायला जीप बोटभर मागे घ्यायला लागते आणि त्याच क्षणी खिट्टी उपसायला लागते. एकट्याचं काम नव्हे. विनीत चाकांना दगड लावत होता, रसिकाचा हात बांधलेला. रामा जीपमध्ये चढला. धोंडीबा खुर्चीवरून खाली सरकले आणि प्लॅस्टरचा पाय ओढत, मातीतून फरपटत माझ्यापर्यंत आले. घाईत चांगल्या पायाची नडगी माझ्यावर आपटली. शिवी दिली. डोंबिवलीत इतकी वर्षं राहून, आंबिवलीची दिली.

"मागे घे!"

"घेतोय!"

"अरे हळू, गाढवा! पुढे! पुढे घे!"

"मागे की पुढे? एक काय ते बोल!"

"बोटभर मागे! तुझ्या बोटाएवढं नको, माझ्या!"

ढोल थांबले होते. सगळं गाव बघत होतं. रामाने श्वास रोखून क्लच सोडला. जीप केसभर मागे आली. धोंडीबांनी खिट्टीला हिसडा दिला. खिट्टी निघाली, त्यांचं बोट चेचून निघाली. रक्त माझ्या तोंडात आलं. घर दगडांवर टेकलं आणि सुटलं.

"सुटलं!" धोंडीबा ओरडले.

रामा उतरून आला. भाऊ मातीत बसलेला, बोटातून रक्त गळतंय. त्याने काखेत हात घालून त्यांना उचललं, उंबऱ्यापर्यंत नेलं आणि सोडलं नाही. सोडलं असतं तर ते पडले असते. पालखी दारात थांबली. रसिकाने एका हाताने ओटी भरली. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं आणि या घरातली म्हणून दोन नावं घेतली, कारण उंबऱ्यावर दोघं उभे होते.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. दोघंही म्हणाले. मग रामा हळूच म्हणाला, "भार दे माझ्यावर, जड लागत नाही."

कुलूप अजून तसंच आहे. दर शिमग्याला रामा तेच घर ओढत नेतो, दोघं मिळून मला सोडवतात, कुणाचं तरी बोट चेचतं. बाकी वर्षभर मी आंबिवलीत जीपच्या मागे गंज खात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडग्या मोजत बसतो. कुलूप कधी निघू नये असं मला वाटतं. निघालं तर मला कोण विचारणार?

तुम्हाला एवढंच मागणं. काहीही बांधायला निघालात तर मला ठोकून बघू नका, मी धरेनच. मागचं आणि पुढचं, दोघांना आधी काट्यावर घाला. आणि आता निघा, पण माझ्या बाजूने नको. बघा, सांगितलं होतं.

ठण्!